भाकरीचा सातबारा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात जांब समर्थ येथे केलेले भाषण)



'तू तुझ्या क्षेत्राबद्दल बोल' असं संयोजकांनी मला सांगितलं होतं. म्हणजे संगणकाबद्दल. पण ते ऐकायला तुम्ही पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आला नाहीत. शिवाय गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर ज्या विषयाची चर्चा चालली आहे, तो संगणकाचा नाही. जमलेल्या निधीतून शाळेच्या आवारात चारशे फुटांचं बोअर घ्यायचं का, हा तो विषय. बहुतेकांचं मत 'घ्यायचं' असंच आहे आणि त्यामागची भावना चांगली आहे. मला मात्र जे म्हणायचं होतं ते मोबाइलवर चार ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून आज उभी राहिले. फक्त बोअरपर्यंत पोचायला मला भाकरीपासून सुरुवात करावी लागेल.

सॉफ्टवेअरच्या कामात एक सवय अंगी लागते. कुठलीही यंत्रणा उभी करताना आधी तक्ता काढायचा: हे कशावर अवलंबून आहे, ते पुन्हा कशावर अवलंबून आहे, आणि मधला एक भाग बंद पडला तर कुठवर काय बंद पडेल. आपल्या गावाकडे याच कामाला फार चांगला कागद आहे, सातबारा. जमीन कुणाच्या नावावर, पीक कोणतं आणि 'इतर हक्क' या रकान्यात बोजा कुणाचा, हे सगळं एका पानावर दिसतं. तसाच एक सातबारा आपल्या ताटातल्या अन्नाचा काढून पाहू या.

सुरुवात जमिनीपासून. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर काढलेली दख्खनच्या पठाराची आकृती आठवते का? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे एकावर एक थर पसरले. आपल्या विहिरी खोदणाऱ्यांना ते थर पुस्तक न वाचता माहीत असतात. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हाच खडक लाखो वर्षं झिजून आपली काळी माती झाली. या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट खोल उतरतं.

एक मीटर खोल चांगली काळी माती, पिकाच्या मुळांना घेता येईल असं साधारण १५ ते २० सेंटिमीटर पाणी धरून ठेवते. कमीत कमी, म्हणजे १५ धरू. एका एकरात ते झालं सुमारे सहा लाख लिटर. हे धरण कुणी बांधलं नाही, त्याला कालवा नाही आणि त्यातलं पाणी उचलायला पंप लागत नाही. हस्ताच्या पावसावर पेरलेली रब्बी ज्वारी त्याच ओलीवर थंडीत वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. दाणा माणसाला, कडबा गुराला, गुराचं शेण उकिरड्यावर आणि उकिरड्याचं खत परत त्याच वावरात. शेजारच्या तासांत तूर किंवा हरभरा असला, तर त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणून ठेवतात. आपल्या आजीच्या काळातल्या भाकरीचा हा सातबारा. बोजाचा रकाना जवळजवळ कोरा. ऊन त्याच वर्षीचं, पाऊस त्याच वर्षीचा.

पण कोऱ्या बोजाचं जगणं सुखाचं होतं, असं मी म्हणणार नाही. १९७२ साली पाऊस गेला आणि ते धरण भरलंच नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या आई-वडिलांनी त्या साली खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे, परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी थापल्या आहेत. एका वर्षाच्या पावसावर चालणारं घर एका वर्षात मोडतं. म्हणून पुढच्या पिढीने दुसऱ्या साठ्यांचा आधार शोधला, यात त्यांचं काहीच चुकलं नाही. १९७६ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं आणि डावा कालवा आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडून पुढे परभणीकडे गेला. जालन्यात संकरित बियाण्यांचा उद्योग वाढला. वीज आली, मोट गेली, युरिया आला. मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या शिक्षणाची फी त्या मोसंबीने आणि कपाशीने भरली आहे. माझीही भरली.

आता त्या नव्या ताटाचा सातबारा पाहू.

युरियाची एक गोणी घ्या, ४५ किलोची. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे, फुकट आहे, पण पिकाला तो तसा घेता येत नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी तो हायड्रोजनशी जोडून अमोनिया करण्याची रीत शोधली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये पहिला मोठा कारखाना सुरू झाला. त्यातला हायड्रोजन आजही मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. आपल्याकडे १९७४ मध्ये बॉम्बे हाय सापडलं आणि समुद्राखालच्या त्या वायूवर अलिबागजवळ थळचा खत कारखाना उभा राहिला. आज देशाला लागणाऱ्या वायूपैकी बराचसा जहाजाने बाहेरून येतो. आपल्या देशात एक टन युरियाला साधारण सहा गिगाकॅलरी ऊर्जा लागते. तो हिशेब गोणीवर आणला तर एका गोणीत सुमारे ३० लिटर डिझेलएवढी ऊर्जा बसते. शेतकऱ्याला ती गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, कारण बाकीचे पैसे सरकार भरतं. ३० लिटर डिझेल तेवढ्यात मिळालं असतं तर आपण त्याची किती काटकसर केली असती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

डीएपीतलं स्फुरद जुन्या समुद्रांच्या तळाशी साचलेल्या खडकातून येतं. त्याचे सर्वांत मोठे साठे मोरोक्कोत आहेत. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटड्याला खाण आहे, पण ती देशाला पुरत नाही. पालाश जवळजवळ सगळंच आयात होतं. म्हणजे आपल्या शिवारातल्या कपाशीच्या बोजाच्या रकान्यात मोरोक्को आहे, आखाती देश आहेत आणि कॅनडाही आहे. तिकडे युद्ध झालं की इकडे कुंभार पिंपळगावच्या दुकानात खताला रांग का लागते, याचं उत्तर त्या रकान्यात आहे.

आता पाणी. एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायची, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे दोनशे टन वजन उचलायचं. चाळीस फूट खोल विहिरीतून ते उचलायला, पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर, साधारण १६ युनिट वीज लागते. तेच पाणी चारशे फुटांवरून उचललं तर दहापट, साधारण १६५ युनिट. एक युनिट म्हणजे धडधाकट गड्याच्या दीड-पावणेदोन दिवसांच्या मेहनतीएवढं काम. म्हणजे चारशे फुटांवरची एक पाळी म्हणजे एका माणसाची नऊ महिन्यांची मेहनत. ती आपण बटण दाबून करून घेतो, म्हणून ती दिसत नाही. त्या विजेचा मोठा भाग कोळशाचा, आणि चंद्रपूर-वणीकडचा कोळसा म्हणजे सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी गाडली गेलेली जंगलं.

हे सगळं एकमेकांत किती गुंतलेलं आहे, ते आपण २०१२-१३ मध्ये पाहिलं. त्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यात सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. जायकवाडी मृतसाठ्यावर आलं. आणि २०१३ च्या सुरुवातीला परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळसा असूनही वीज तयार होईना, कारण संच चालवायला पाणी लागतं. इकडे विहिरीतलं उरलंसुरलं पाणी उपसायला वीज लागते. पाण्याला वीज हवी, विजेला पाणी हवं आणि भाकरीला दोन्ही हवं. आमच्या क्षेत्रात असं वर्तुळ तक्त्यात दिसलं की काम थांबवतात आणि आधी ते सोडवतात.

माझ्या दादाची मोसंबीची बाग त्या साली बारा वर्षांची होती, ऐन भरातली. त्याने आधी विहीर खोल केली. मग दोन बोअर घेतले. दुसऱ्यातून नुसती भुकटी उडाली. मग टँकर लावला. डिझेल जाळून आणलेलं पाणी झाडाला बादलीने घालायचं, असे त्याने अडीच महिने काढले. मे महिन्यात त्याने अर्धी बाग तोडली आणि पाणी उरलेल्या अर्ध्या बागेला दिलं. कुठली झाडं ठेवायची हे त्याने आणि वहिनीने रात्री बॅटरी घेऊन ठरवलं. दिवसा ठरवायला नको वाटत होतं म्हणाले. तोडलेली झाडं जळण म्हणून गेली. त्या काळात गावातली म्हातारी माणसं एकच वाक्य म्हणत: बहात्तरला विहिरीला पाणी होतं पण घरात दाणा नव्हता, आता रेशनला दाणा आहे पण प्यायला पाणी नाही.

हे वाक्य मी फार दिवस मनात ठेवलं. मला त्याचा अर्थ असा लागतो. चाळीस वर्षांत आपण दाण्याची टंचाई मिटवली, पण ती मिटवताना पाण्याच्या खात्यातून उचल केली. अन्नाच्या प्रत्येक खात्यात मुद्दल असतं आणि व्याज असतं. ऊन, त्या वर्षीचा पाऊस, तुरीच्या मुळावरचा नायट्रोजन, उकिरड्याचं खत, हे व्याज. वायू, कोळसा, डिझेल आणि खडकाच्या फटीत वर्षानुवर्षं साठलेलं खोल पाणी, हे मुद्दल. मुद्दलाला हात लावूच नये असं नाही. लेकीच्या लग्नाला, आजारपणाला माणूस ठेव मोडतो. पण रोजचा किराणा ठेव मोडून आणणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

आपल्या खडकात ही ठेव मुळात छोटी आहे. पंजाबच्या गाळाच्या जमिनीत पाण्याला भरपूर जागा असते. आपल्या झिजलेल्या बसाल्टमध्ये शंभर भाग खडकात जेमतेम दोन भाग पाणी मोकळं होतं. जिल्ह्यात सरासरी पाऊस ६५० ते ७०० मिलिमीटर, आणि त्यातला साधारण दहावा हिस्सा जमिनीत खोल मुरतो. म्हणजे सगळ्या शिवारावर सात सेंटिमीटर. आता मघाची पाळी आठवा, पाच सेंटिमीटरची. कालव्याचं पाणी सोडलं तर चांगल्या पावसाच्या वर्षीही आपला पाऊस सगळ्या शिवाराला विहिरीच्या पाण्याची जेमतेम दीड पाळी देऊ शकतो. मोसंबी आणि ऊस वर्षभर पाळ्या मागतात. याचा अर्थ बागायत करू नये असा नाही. बागायत किती एकर करायची याला खडकाने ठरवलेली मर्यादा आहे, एवढाच अर्थ आहे. ती मर्यादा ओलांडून घेतलेलं प्रत्येक नवं बोअर नवीन पाणी देत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी आपल्याकडे ओढतं.

महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. आपल्याकडे हे किती पाळलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. आता सौर पंप आले आहेत आणि ते चांगलेच आहेत. दिवसा पाणी मिळतं, रात्री साप-विंचवात जावं लागत नाही, कोळसा वाचतो. पण ऊन फुकट झालं म्हणून खालचं पाणी वाढत नाही. उलट वीजबिल आणि भारनियमन यांनी जो थोडा लगाम होता तोही सुटतो. शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात अडवलं तर ते व्याज आहे. प्लास्टिक अंथरून विहिरीचं पाणी उपसून त्यात भरलं, तर ते मुद्दल उन्हात वाळत घातल्यासारखं आहे.

मग करायचं काय? लांब जायला नको. जालना तालुक्यात कडवंची आहे. १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने आणि इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून त्या गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. आधी पाणी मुरवलं, मग द्राक्षं लावली. क्रम महत्त्वाचा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दर वर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरवतं. त्यांचा खडक आपल्यासारखाच आहे, आणि पाऊस आपल्यापेक्षा कमी.

आता आपल्या शाळेच्या बोअरकडे येते. शाळेला पाणी हवं, पिण्यासाठी हवं, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की ते व्याजातून देता येईल का. मी हिशेब केला आहे. शाळेच्या छताचा ३०० चौरस मीटरचा भाग धरा. ६५० मिलिमीटर पावसात, वाया जाणारं सोडून, त्यावरून दीड लाख लिटरच्या पुढे पाणी मिळतं. दोनशे मुलं, रोज तीन लिटर, वर्षातले २२० दिवस, म्हणजे १ लाख ३२ हजार लिटर. पावसाळ्यात रोजचं रोज वापरायचं, आणि दिवाळीनंतर परीक्षेपर्यंतचं साठवायला ७० ते ८० हजार लिटरची झाकलेली टाकी बांधायची. पहिला पाऊस बाहेर सोडायचा, गाळणी बसवायची, वर्षातून दोनदा टाकी धुवायची. दुष्काळात पाऊस निम्मा झाला तर टाकी पुरणार नाही, हेही आत्ताच सांगते. त्या वर्षी टँकर लागेल. पण तशा वर्षी चारशे फुटांचं बोअरही हमखास चालेल असं आपल्यातला कोण लिहून देईल? दादाच्या दुसऱ्या बोअरची भुकटी मी पाहिली आहे.

टाकीचा खर्च बोअरपेक्षा जास्त आहे, हे मान्य. म्हणून माझ्या वाट्याला आलेल्या वर्गणीत मी भर घालते आणि बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनाही तेच सांगते.

दुसरी गोष्ट फार स्वस्त आहे. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवू या आणि गावातल्या दहा विहिरी निवडू या. आठवी-नववीच्या मुलांनी महिन्यातून एकदा दोरी सोडून पाण्याची पातळी मोजायची आणि शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायची. आकडे साठवायला आणि त्यांचा आलेख काढायला लागणारा छोटा प्रोग्रॅम मी करून देते, ते माझं कामच आहे. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत मुलांनीच तो ताळेबंद वाचावा: यंदा इतका पाऊस पडला, पाणी इतकं वर आलं, एवढ्या एकरांना एवढ्या पाळ्या पुरतील. पुढे काय करायचं ते गाव ठरवील. चैत्रात रामनवमीला समर्थांच्या जन्मगावी भाविक येतात, तेव्हा विहिरी तळाला असतात. त्यांना द्यायचं तांब्याभर पाणी आश्विनातच बाजूला काढून ठेवता येईल, एवढं जरी त्या फळ्यामुळे झालं तरी पुष्कळ.

आज दुपारच्या जेवणात पिठलं, भाकरी आणि ठेचा आहे असं ऐकते. ज्वारी आपल्याच एका वर्गमित्राच्या रानातली आहे, कोरडवाहू, बिनपाण्याची. त्याला मी सकाळी विचारलं, यंदा किती पेरली? तो म्हणाला, घरापुरती. काढणीला माणसं मिळत नाहीत, भाव नाही, सोयाबीन परवडतं. ज्या पिकाला वीज लागत नाही, पाण्याची पाळी लागत नाही, ते परवडत नाही, याचं कारण त्याच्या वावरात नाही. ते भावात आणि अनुदानात आहे. आपल्यातले काही जण आज बँकेत आहेत, कृषी खात्यात आहेत, बाजार समितीत आहेत. हा प्रश्न त्यांच्या टेबलावर ठेवून मी थांबते.

बोअर की टाकी, याचा निर्णय आज संध्याकाळच्या बैठकीत आहे. हिशेबाचा कागद मी सगळ्यांसाठी आणला आहे, आकडे तपासून पाहा. आणि सर, या भाषणात भूगोलाचं काही चुकलं असेल तर पूर्वीसारखंच भर वर्गात सांगा.